जीभ माझीच होती

अर्गिझा, डोंगरावरून
द्राक्षं तुडवण्याच्या महिन्याचा चौथा दिवस

थोरल्या जाऊबाई बासिला यांना धाकट्या किरिलाचं प्रभूच्या शांतीत वंदन. झोसिमेला माझे पापे.

ग्लुकोन खेचरवाला उद्या लोकर घेऊन खाली उतरतो आहे. मी लिहायला बसले तर दारात उभा राहून म्हणतो, "तुमचा देव सगळं ऐकतो म्हणता, मग हे ओझं माझ्या खेचरावर कशाला?" मी म्हटलं, देवाला ऐकू जातं रे, जाऊबाईंना जात नाही. हसला, आणि नेण्याबद्दल दोन अंडी जास्त घेऊन गेला.

परवा सहा बायकांना बाप्तिस्म्यासाठी पाण्यात नेलं. इथलं पाणी आपल्या हिरापोलिसच्या झऱ्यांसारखं ऊन नाही. गुडघ्यापर्यंत गेलं की हाडं बोलायला लागतात. एक म्हातारी मला म्हणाली, "पापं धुवायची आहेत पोरी, जीव नाही घ्यायचा." तेल लावताना तिच्या पाठीवर जुने वळ दिसले. तिनेच सांगितलं, "मालकाचे. आणि तो वरचा नवऱ्याचा." मग खदखदून हसली. त्या बायका अशाच आहेत. मला त्यांची भाषा निम्मी कळते आणि निम्म्या वेळी त्या माझ्या बोलण्याला हसत असतात.

मला इथं येऊन दीड वर्ष झालं, तरी ती पहाट मला कालच्यासारखी दिसते. इथल्या मंडळीच्या वडिलांचं, मेनासचं, पत्र आलेलं. बायका बाप्तिस्म्यासाठी ताटकळल्या आहेत, पुरुषाने त्यांच्या अंगाला तेल लावायचं नाही, आणि आमच्याकडे शिकलेली बाई नाही, एकजण पाठवा. तिकडे आपल्या मंडळीने दोन दिवस उपास केला. तिसऱ्या पहाटे तुम्ही विधवांच्या बाकावरून उठलात आणि म्हणालात, "पवित्र आत्मा म्हणतो, या कामासाठी किरिलाला वेगळी काढा." सगळ्यांना वाटलं होतं ग्रातेचं नाव येईल. मलाही. लावदिकियाच्या विणकराला दुसऱ्या लग्नाचा होकार कळवायला चार दिवस उरले होते माझे. पण आत्म्याने नाव घेतल्यावर कसला होकार.

जाऊबाई, तुम्हाला एक कबूल करायचं आहे. आज्ञा पाळली म्हणून इथं सगळे मला मान देतात, आणि मी मात्र झोसिमेसाठी झुरते. उकिरड्यावरून उचलली तेव्हा ती मांजराएवढी होती. मी तिला जन्म दिला नाही, तरी असं होतं. निघताना ती खोकत होती, घाट तिला सोसला नसता, तुम्ही म्हणालात "ठेव माझ्याकडे." तुमच्या शेहेचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांचं पोर तुमच्या गळ्यात घालून मी इथं आज्ञाधारक म्हणवून घेते. लाज वाटते.

तिच्या पावलाच्या मापाचा दोरा पाठवा. इथं दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे चांगले बूट होतात.

तुमची किरिला

*

हिरापोलिस
पहिल्या पेरणीच्या महिन्याचा विसावा दिवस

प्रिय किरिला,

दोरा पत्रात गुंडाळला आहे. गाठ मारली आहे तिथपर्यंत मोज. एक बोटभर वाढ धर, पोरगी वाढते आहे.

माझ्यावर ओझं टाकलंस वगैरे पुन्हा लिहू नकोस. ओझं कसलं. परवा रंगाच्या कढईशी गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवून आली. वडील ओनेसास दारात भेटले, म्हणाले, "अगं, कुणाचा मुडदा पाडलास?" ही म्हणते, "मेंढीचा. तीच आधी आली अंगावर." ओनेसास दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

खोकला कधीच गेला. जव आणि मध खाते, मासा खात नाही. रोज निजताना तुझं नाव घेऊन प्रार्थना करते. तुझी आठवण काढते, पण रडत नाही, म्हणून तू काळजी करू नकोस.

लावदिकियाच्या त्या विणकराने दुसरी केली. तुला वाईट वाटेल की बरं, ते मला कळत नाही, म्हणून नुसतं कळवते.

प्रभूने तुला जिथं ठेवलं तिथं मन लावून राहा. बर्फाच्या आधी ग्लुकोन आता एकदाच वर येणार, तेव्हा पुढचं पत्र वसंतात.

बासिला

*

अर्गिझा
बर्फ वितळल्यानंतरच्या महिन्याचा दुसरा दिवस

थोरल्या जाऊबाईंना वंदन.

बूट ग्लुकोनबरोबर पाठवते आहे. मोठे वाटले तर पुढे लोकर भरा.

हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळले होते. आता बरी आहे. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकत नाहीत. पाण्यात फार वेळ उभी राहिल्याने असं बायका म्हणतात. त्यांनी मला मेंढीच्या चरबीने चोळून चोळून इतकं वासट केलं की मेनास वडील दाराबाहेरूनच प्रार्थना करायचे.

आता मुख्य गोष्ट. मेनास म्हणतात की गहू मळून झाले की पहिल्या प्रभुवारी माझं नाव इथल्या विधवांच्या यादीत लिहायचं. तुम्हाला माहीत आहे ती रीत. जिचं नाव लिहिलं ती त्या मंडळीची, मरेपर्यंत. पुन्हा लग्न नाही, गाव सोडणं नाही, घरात स्वतःचं पोरबाळ नाही. मंडळीच तिचं घर. माझ्यासाठी हा मोठा मान आहे, आणि मेनासनी तो सांगितला तेव्हा मी मान हलवली, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

मला परत यायचं आहे, जाऊबाई. झोसिमेसाठी. पण हे माझं मन बोलतंय की प्रभू, ते मला ओळखता येत नाही. मी प्रार्थनेला बसते आणि मला तिचा खोकलाच ऐकू येतो. तुम्हाला ते ऐकू येतं, तुम्हाला ती देणगी आहे. माझ्यासाठी एकदा विचारा. राहू की येऊ. तुम्हाला जे सांगण्यात येईल ते मी करीन, आणि मागे वळून बघणार नाही.

किरिला

*

हिरापोलिस
गुलाबांच्या महिन्याचा बारावा दिवस

प्रिय किरिला,

तीन दिवस उपास केला. मला काही सांगण्यात आलं नाही. आत्मा गप्प आहे. जिथं नवी आज्ञा नाही तिथं जुनी चालते, असं आपण मानतो. त्या बायकांना अर्ध्यावर सोडून येणं तुझ्याच मनाला बरं वाटेल का, याचाही विचार कर.

बूट पोचले. नेमके बसले.

बासिला

*

अर्गिझा
गुलाबांच्या महिन्याचा शेवटचा दिवस

जाऊबाई,

कळलं. राहते. तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग मेनासना सांगितलं की यादीत नाव लिहा. आता मन हलकं वाटतं, म्हणजे तसं वाटायला लागेल.

एकच मागणं. झोसिमेला माझं नाव घेऊन प्रार्थना करायची सवय आहे ती हळूहळू मोडा. नाहीतर मोठी झाल्यावर विचारत बसेल.

किरिला

*

हिरापोलिस
गहू कापण्याच्या महिन्याचा नववा दिवस

किरिला,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा रंगाच्या कढईखाली घातलं. हे पाचवं. ग्लुकोन अंगणात बसला आहे, हे दिल्याशिवाय मी त्याला जाऊ देणार नाही आणि आज हे जाळणारही नाही.

गेल्या आठवड्यात सिरियाकडून एक फिरता संदेष्टा आला. वाळलेला, पन्नाशीचा, पायात फाटके जोडे. रीतीप्रमाणे दोन दिवस त्याला ठेवून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी तो मंडळीत उभा राहिला, डोळे मिटले, आणि आत्म्याच्या नावाने म्हणाला, "गोरगरिबांसाठी पान मांडा. मांस असू द्या, मध असू द्या." आम्ही मांडलं. आणि सगळे बसायच्या आत तो स्वतः त्या पानावर बसला आणि खायला लागला. त्याने हाडसुद्धा चोखलं. मग ओनेसास शांतपणे म्हणाले, "भाऊ, आत्म्याच्या नावाने मागितलेल्या पानावरचा घास मागणाऱ्याने खायचा नसतो. आमच्या पोराटोरांनाही हे ठाऊक आहे. तू उद्या उजाडताच निघ."

माझं घर वेशीजवळ, म्हणून सकाळी त्याला वाटेला लावायचं काम माझ्याकडे आलं. झोसिमेने त्याच्या हातावर सुकं अंजीर ठेवलं. तो खाईना. मी म्हटलं, "खा, हे कुणी आत्म्याने मागितलेलं नाही." मग खाल्लं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मला काल काही ऐकू आलं नव्हतं. भूक लागली होती."

"मग भूक लागली असं सांगायचं होतं," मी म्हटलं, "आम्ही दिलं असतं."

म्हणाला, "दिलं असतं. पण भिकारी म्हणून दिलं असतं."

तो गेला आणि मी वेशीतल्या दगडावर बसले. लोक पाण्याला जात होते, विचारत होते, "बासिला, बरं नाही का?" आणि माझ्या तोंडून एवढं एक वाक्य निघेना, जे त्या फाटक्या माणसाने अंजीर चावता चावता सांगून टाकलं.

किरिला, मला त्या पहाटे काही ऐकू आलं नव्हतं.

आता लिहिलं आहे तर पुढचंही लिहिते. मी आयुष्यात दोनदा खरोखर आत्म्याने बोलले आहे. एकदा आपल्या मंडळीचा छळ झाला त्याच्या आधी, आणि एकदा दियोनच्या मुलीच्या आजारात. दोन्ही वेळा शब्द बाहेर पडल्यावर मलाच नवे वाटले, दुसऱ्याच्या घरातली भांडी पाहावी तसे. ती जीभ माझी नसते. मला फरक कळतो, म्हणूनच मला माफी नाही. तुझं नाव मी उपासाचे दोन दिवस तोंडात घोळवत होते. कुठं थांबायचं, आवाज कुठं उतरवायचा, तेसुद्धा ठरवलं होतं. त्या पहाटे जीभ माझीच होती.

का, ते तुला आता समजलं असेल. तू लावदिकियाला निघाली होतीस आणि झोसिमेला नेणार होतीस. नव्या नवऱ्याच्या घरी माझं येणंजाणं ते कितीसं राहिलं असतं. उकिरड्यावरून तू तिला आणलीस त्या दिवशी मी दूध कोमट केलं होतं. वीस वर्षांच्या संसारात माझ्या चुलीवर पहिल्यांदा दूध कुणासाठी तरी कोमट झालं. हे मी कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. घाट पोरीला सोसणार नाही हे मला आधीच माहीत होतं. तू ती माझ्याकडे ठेवशील हेही. पान मीच मागितलं आणि मीच त्यावर बसले. सव्वादोन वर्षं जेवते आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पोर म्हणजे काही मांस आणि मध नव्हे.

तुला लिहिलेलं सगळं तपासून घे आता. ती तुझं नाव घेऊन प्रार्थना करत नाही. तू गेल्यावर दोन महिने करत होती, मग मीच ते म्हणून घेणं सोडलं. ती तुझी आठवण काढत नाही, कारण मी घरात तुझं नाव काढत नाही. ती मला आई म्हणते. तू पाठवलेले बूट बाजारातून आणले असं तिला सांगितलं. आणि मागच्या पत्रात उपास केला असं लिहिलं तो केला नव्हता. तू विचारलंस तेव्हा माझी हिंमतच झाली नाही देवासमोर जायची. "आत्मा गप्प आहे," असं लिहिलं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

हे घेऊन मी ओनेसासकडे गेले होते. म्हटलं, प्रभुवारी मंडळीसमोर सांगते. ते जोड्याचा बंद बांधत होते. म्हणाले, "आधी तिला कळव. तिच्याआधी आम्हाला सांगून मोकळं व्हायचा तुला हक्क नाही."

यादीत नाव लिहू देऊ नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत मी मंडळीत जाते आणि प्रभूची भाकर माझ्यापर्यंत आली की न खाता पुढे देते.

बासिला

*

अर्गिझा
त्याच महिन्याचा सव्विसावा दिवस

बासिला,

आज तुम्हाला 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही.

राग शांत होईपर्यंत लिहू नकोस असं मेनास म्हणाले. म्हणून लगेच लिहिते, नाहीतर शांत होऊन जाईन आणि तुला वाटेल की फार काही झालं नव्हतं.

माझी दोन बोटं वाकत नाहीत. एक घर होणार होतं ते झालं नाही. हे दोन्ही मी तुला सोडून देऊ शकेन असं वाटतं. पण मी आजारी असताना, शुद्ध नसताना, मला एकच समाधान होतं, की पोर निजताना माझं नाव घेते आहे. तू ते कागदावर लिहून मला पाठवलंस. मी ते उशाशी ठेवलं होतं. ते मी सोडून देऊ शकत नाही. आज तरी नाही.

मेनासना मी विचारलं, मी पाण्यात नेलेल्या त्या त्रेसष्ट बायकांचं काय? त्यांना खोटेपणाने पाठवलेल्या बाईने तेल लावलं. मेनास म्हणाले, "पाणी खोटं नव्हतं." मला त्याने बरं वाटलं नाही. पाठीवर वळ असलेली ती म्हातारी, तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला मालकाने विकलं नसतं तर मी या गावात आले नसते. म्हणून काय त्याचे पाय धरू? आणि म्हणून काय गाव सोडू?" तिचं मला थोडंसं पटलं.

इथवर लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं. कारण पुढचं मला लिहायचं नव्हतं.

तू उठून माझं नाव घेतलंस, आणि आपली रीत अशी आहे, की बोललेलं पारखून घ्यायचं. ओनेसासनी माझ्याकडे वळून विचारलं होतं, "किरिला, तुला आतून काय वाटतं?" तुला आठवतं का? मला आठवतं. मला आतून काहीही वाटत नव्हतं. रिकामं होतं सगळं. झोसिमे माझी शाल धरून खोकत होती, आणि माझं सगळं अंग म्हणत होतं, हिला सोडून कसं जाऊ. ते मला सांगता आलं असतं. त्यांनी विचारलंच होतं. पण सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. ग्रातेचा चेहरा उतरला होता. ती किती वर्षं वाट बघत होती, आणि नाव माझं आलं होतं. मला ते गोड लागलं. मी शालीवरून पोरीचा हात सोडवला आणि म्हणाले, "प्रभूची इच्छा."

म्हणून लोक ज्याला माझी आज्ञाधारकता म्हणतात ती तशी नव्हती. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पोरीसाठी झुरण्याची लाज वाटते असं तुला लिहीत राहिले. खरी लाज ती नव्हतीच. तू खोटं बोललीस, पण हात मी सोडवला. तुझं पाप एवढं मोठं आहे की माझं त्याखाली आरामात झाकून जाईल, आणि म्हणूनच मी ते वेगळं काढून लिहिते आहे.

यादी मी थांबवली. मेनास नाराज आहेत. मी त्यांना म्हटलं की मी गाव सोडून जात नाही, इथं अकरा बायका शिकताहेत आणि त्यांना अजून धड प्रश्नसुद्धा विचारता येत नाहीत. पण मी राहीन ती पोरीला घेऊन. कुणी नाव काढलं म्हणून नव्हे. मी ठरवलं म्हणून. चुकलं तर ते माझ्या डोक्यावर.

तिला घेऊन ये. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस. तू आण.

किरिला

*

दोरुलाच्या धर्मशाळेतून
गहू मळण्याच्या महिन्याचा आठवा दिवस

किरिला,

तुझ्यापासून आम्ही अर्ध्या दिवसावर आहोत. पुढचा पूल वाहून गेला आहे म्हणतात, आणि ग्लुकोनचं मोकळं खेचर ओढ्यातून पलीकडे जाऊ शकतं, आम्ही बसलेलं नाही. म्हणून तो हे पत्र घेऊन पुढे येतो आहे आणि वाट विचारून परत येईल. वाटेत त्याने मला विचारलं, "एवढं कसलं भांडण तुम्हा दोघींचं, की एका माणसाला म्हातारपणी घाट चढावा लागतो?" मी म्हटलं, मी एक खोटं बोलले होते. तो म्हणाला, "एकच?" आणि खेचराला हाकललं.

मंडळीला सांगितलं. उभी राहिले आणि जसं तुला लिहिलं तसंच सांगितलं, कमी नाही. ग्राते म्हणाली, "मला वाटलंच होतं." तिला काही वाटलेलं नव्हतं, पण मी मान हलवली. दियोन उठून बाहेर गेला. त्याच्या मुलीच्या आजारात मी जे बोलले होते ते खरं की खोटं, हे आता त्याला कळणार नाही. तसं तर मी काय काय नासवलं त्याची यादी मला रोज नवीन सुचते. विधवांच्या बाकावरून माझी जागा काढली. वर्षभर मी दाराशी उभं राहायचं आणि भाकर मोडण्याच्या आधी बाहेर जायचं. ओनेसास म्हणाले, "वर्षानंतर बघू," आणि मग हळूच, "जोडे दगडाचे घे, घाटात लागतील," म्हणजे जाड तळव्याचे. ते मला त्या दिवशी कुणी बोललेलं एकच साधं वाक्य.

पोरीला सांगितलं. ते मंडळीला सांगण्यापेक्षा अवघड होतं. म्हटलं, झोसिमे, तुझी एक पहिली आई आहे, डोंगरावर राहते, बूट तिनेच पाठवले होते. तिने विचारलं, "मग तू कुठली?" मी म्हटलं, मी तुला ठेवून घेणारी. तिने बूट आणून उलटसुलट करून पाहिले. दुसऱ्या दिवशी खेचरावर बसल्यावर म्हणाली, "ती ओरडते का?" मी म्हटलं, मोठ्यांवर ओरडते. मग तिने विचारलं, "आपण परत कधी येणार?" या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. खोटं सांगायचं नाही एवढं पक्कं केलं आहे, आणि खरं मला माहीत नाही.

तू राहा म्हणालीस तर राहीन, जा म्हणालीस तर त्याच पावली परत फिरेन. देवाकडे यातलं काही मागितलेलं नाही. त्याच्याकडे काही मागायची मला लाज वाटते.

बासिला

*

अर्गिझा, त्याच दिवशी

जाऊबाई,

ग्लुकोनचं खेचर पाणी पिईपर्यंत लिहिते. पूल नाही, तुम्ही वरच्या कुरणाची वाट धरा. लांब आहे, पण सावली आहे. वाटेत तीन कुत्रे अंगावर येतील, पळू नका. मेंढपाळाला 'किरिलाकडे' एवढंच सांगा, तो त्यांना धरील. पोरीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती भिणार नाही.

माझा राग तसाच आहे. ती झोपली की मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तुम्ही मान खाली घालून बसू नका, माझ्याकडे बघून ऐका. किती दिवस राहायचं ते त्यानंतर ठरवू. ठरवताना दोघींपैकी कुणीही आत्म्याचं नाव काढायचं नाही.

मी दारात उभी असेन. ती तुमच्या पाठीमागे लपली तर लपू द्या. "जा, तुझी आई आहे ती," असं म्हणून तिला पुढे ढकलू नका. रडली तर तुम्हीच उचलून घ्या, माझ्यादेखत. दोन दिवस लागोत नाहीतर दोन महिने. कुणी सांगितलं म्हणून तिने माझ्याकडे यायला नको.

किरिला